मोतिया रंगाचं कपाट

मराठीतला 'कपाट' हा शब्द संस्कृतात दाराच्या फळीसाठी होता. उर्दूतली 'अलमारी' पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे उतरली. मी शाळेत या दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे असे शब्द उलटसुलट करून बघायची सवय लागली आहे. मरोळच्या आमच्या चाळीत मात्र या व्युत्पत्तीला कुणी विचारत नसे. भिंतीतलं ते कपाट, लोखंडाचं ते गोदरेज (मग कंपनी कुठलीही असो), आणि काचेचं ते शोकेस. ज्याच्या खोलीत शोकेस, त्याच्या घरचं कुणीतरी आखातात, एवढं चाळीतलं शेंबडं पोरही ओळखायचं.

आमचं शोकेस आखाताच्याही आधीचं. १९७४ मध्ये अम्मीच्या निकाहच्या वेळी नानांनी ते चोर बाजारातून आणलं. एखाद्या पारशाच्या घरातून निघालेलं, 'अस्सल बर्मा टीक', ही त्यासोबत आलेली कहाणी. साडेसहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद. वर काचेची दोन दारं, खाली लाकडाची दोन, मध्ये एक खण. माथ्यावर शिंपल्यासारखी कोरीव कलगी. बारा बाय पंधराच्या खोलीत त्याने एक भिंत खाल्ली होती आणि आम्ही चौघं भावंडं उरलेल्या जागेत वाढलो.

पहिली बारा वर्षं त्यात लोणच्याच्या बरण्या, अब्बांचे दोन कप आणि कुराणशरीफ ठेवायची रिहाल होती. मग अब्बा कुवेतला गेले आणि १९८६ च्या सुट्टीत डिनर सेट घेऊन आले. दुधासारखा पांढरा, कडेला निळी फुलं. त्याच खोक्यात सहा कपांचा जपानी टी-सेट. त्यातली एक बशी विमानतळावरच फुटली, म्हणून आमच्याकडे आजही कप सहा आणि बशा पाच. अब्बांनी त्या सुट्टीत कपाट आतून स्वतः रंगवलं, पिस्ता रंगात. तेव्हा मरोळमध्ये निम्म्या खोल्यांच्या भिंती पिस्ता आणि उरलेल्या निम्म्या आकाशी असायच्या.

२ ऑगस्ट १९९० ला सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. लाखाहून जास्त हिंदुस्थानी माणसं तिथून बाहेर पडली. इराकमार्गे जॉर्डन, अम्मानहून एअर इंडियाची विमानं, आणि मग मुंबई. अब्बा सप्टेंबरच्या शेवटी आले, हातात एक पिशवी. त्यानंतरच्या दोन वर्षांत घरातून काय काय गेलं ते मला चांगलं आठवतं, मी अकरा वर्षांची होते. पंखा असलेला टेपरेकॉर्डर गेला, शिलाई मशीन गेलं, अम्मीच्या दोन बांगड्या गेल्या. चाळीतल्या दोघींनी डिनर सेटचा भाव विचारला. अम्मी म्हणाली, "ते मेहमानांचं आहे, माझं नाही." बांगड्या तिच्या होत्या, म्हणून त्या विकल्या. हा हिशोब मला तेव्हा कळला नव्हता. आता थोडा थोडा कळतो.

चाळ पुनर्विकासाला गेली २०२१ मध्ये. अम्मी भाईजानकडे मिरा रोडला भाड्याच्या घरात, आणि कपाट माझ्याकडे जोगेश्वरीला, गॅलरीत, ताडपत्रीखाली. चार पावसाळे काढले त्याने. गेल्या वर्षी चावी मिळाली, अकरावा मजला. मे महिन्याच्या सुट्टीत कपाट दुरुस्त करून वर चढवायचं ठरलं आणि तिथेच घरात दोन पक्ष पडले.

मी आणि आपा एका बाजूला. आपाचं म्हणणं, जुन्या सागवानाला रंग लावणं म्हणजे गुन्हा. तिने ओशिवऱ्याच्या बाजारात फेरी मारून भावही काढला होता. कुणा दुकानदाराने फोटो बघून अठरा हजार सांगितले होते, "जैसा है वैसा". दुसऱ्या बाजूला अम्मी एकटी. तिला कपाट मोतिया रंगाचं हवं होतं आणि आत फुलांचा वॉलपेपर. भाभीच्या मोबाइलवर तिने असं एक कपाट बघितलं होतं. आपाने 'व्हिंटेज' म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अम्मीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक्कावन्न वर्षं मी हे तपकिरी बघत आले. तुम्हाला जुनं आवडतं, कारण तुम्ही ते कधी पुसलं नाही."

यावर काय बोलणार?

मे महिन्यात जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार ज्यांनी बघितला असेल त्यांना तिथली हवा सांगायला नको. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पलंग, दरवाजे, आरशांच्या चौकटी, जहाजातून निघालेल्या पेट्या, कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या खुर्च्या एकमेकींवर उलट्या. लाकडाचा भुसा, स्पिरिट आणि तापलेला डिंक यांचा मिळून एक वास. तिथले बरेच कारागीर उत्तर प्रदेशातले, त्यातही सहारनपूरचे पुष्कळ, कारण लाकडावरच्या नक्षीकामाचं ते जुनं गाव. आमच्यासाठी आले ते चाचाही सहारनपूरचे, पासष्टीचे. सरळ गॅलरीत गेले, ताडपत्री काढली आणि कपाटाला हात लावायच्या आधी मागच्या बाजूला जाऊन उकिडवे बसले. जुन्या वस्तूचं खरं वय पाठीवरून कळतं, असं ते म्हणाले.

त्यांनी पटाशीच्या टोकाने मागच्या कडेचा एक कपचा काढला, हुंगला, माझ्या हातात दिला. "सूंघो. कुछ नहीं आया ना?" मग दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूचा दुसरा कपचा. त्याला चामड्यासारखा, तेलकट वास होता. तो सागवान. पहिला देवदार. समोरचा दर्शनी भाग, दारांच्या चौकटी, कलगी आणि पुढचे दोन पाय सागवानाचे. बाजूच्या फळ्या, आतले खण, वरचं छप्पर सगळं देवदार, ज्याची सामानाची खोकी बनतात ते. वर गडद पॉलिश चढवून दोन्ही एका रंगात आणलेलं. आणि सागवानही बर्माचा नाही, बल्लारशाकडचा असावा असं त्यांचं मत, ज्याला लाकूडबाजारात सी.पी. म्हणतात.

आपाचा चेहरा पडला. नानांना फसवलं म्हणाली. चाचांनी मान हलवली. "फसाया नहीं बेटा. ऐसे ही बनता था." दिसेल तिथे महाग लाकूड, दिसत नाही तिथे हलकं. विलायतेतल्या जुन्या कपाटांचंही असंच असतं, समोर महोगनी आणि पोटात पाइन. फसवलं ते 'अस्सल बर्मा टीक' म्हणणाऱ्याने. सुताराने आपलं काम चोख केलं होतं, पन्नास वर्षांत एक सांधा हललेला नव्हता.

डिनर सेटचंही तसंच निघालं. इतकी वर्षं आम्ही त्याला 'चिनी माती' म्हणत आलो. ताट उलटं करून बघितलं तर फ्रान्सचं नाव आणि आर्कोपाल. म्हणजे ती माती नव्हे, दुधी काच. आखातातून त्या काळी आलेल्या कितीतरी घरांत हीच भांडी आहेत. खरी चिनी माती म्हणावी ती फक्त जपानी कपांची. उजेडासमोर धरलं तर आतल्या बोटाची सावली दिसते.

पण हे सगळं प्रतिष्ठेचं कुठून आलं, याचा विचार मी घासकाम करताना करत होते (हात चालू असले की डोकं मोकळं राहतं). चिनी भांडी वापरायची नाहीत, मांडायची, ही रीत आपल्याकडे काही आखाताने आणली नाही. इराणात अर्दबीलच्या दर्ग्यात शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हजाराहून जास्त चिनी भांडी वक्फ केली आणि त्यांच्यासाठी एक दालनच सजवलं, चिनीखाना. भिंतभर छोटे छोटे महिरपी कोनाडे, एकेका भांड्याच्या आकाराचे. मोगलांच्या इमारतींतही असे कोनाड्यांचे पट्टे आहेत. आग्र्याला इतिमादुद्दौलाच्या कबरीवर तर नुसती सुरया आणि फुलदाण्यांची चित्रं कोनाड्यांत जडवून घेतली आहेत. हिरवट रंगाच्या चिनी ताटात विष घातलं तर ताट तडकतं, अशीही समजूत बादशाही दस्तरखानांवर होती. आपल्या दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल पुष्कळांनी सहलीत बघितला असेल. औरंगजेबाने गोवळकोंड्याच्या शेवटच्या बादशहाला, तानाशाहला, तिथे कैदेत ठेवलं होतं. त्या नावातली 'चिनी' भांड्यांची नव्हे, भिंतींवरच्या रंगीत फरशांची. तेव्हा मरोळच्या खोलीतलं शोकेस म्हणजे काय, तर बादशाही कोनाड्याला लावलेली दोन दारं.

असो. कपाटाकडे.

खरी अडचण आतल्या पिस्ता रंगाची होती. चाचांचा पोऱ्या कोरडा पॉलिश पेपर घेऊन खण घासायला बसलाच होता, मी त्याला थांबवलं. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये काय असेल याचा भरवसा नाही. पिवळ्या रंगात बऱ्याचदा शिशाचं क्रोमेट असायचं, आणि पिस्ता करायला पिवळा लागतोच. असा रंग भिंतीवर किंवा खणात गप्प असतो तोवर फार बिघडत नाही. कोरडा घासला की त्याची धूळ होते, आणि ती धूळ रांगणाऱ्या मुलांच्या हाताला लागून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिसं किती चालेल याची सुरक्षित अशी मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नव्या घरात भाईजानची तीन वर्षांची नात या कपाटाच्या दारांना लोंबकळणार, हे मला दिसत होतं.

म्हणून सगळं ओलं घासलं. वॉटर पेपर, बादलीत पाणी, तोंडावर मास्क, गॅलरीचं दार बंद, खाली जुनी वर्तमानपत्रं. पिस्ता रंगाचा चिखल वर्तमानपत्रांसकट पिशवीत बांधला आणि फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसली. चार दिवस गेले. पोऱ्या मनातल्या मनात मला वेडी ठरवून मोकळा झाला. हिरव्या रंगाने माणसं मारल्याची गोष्ट मी त्याला सांगितली, ती मात्र त्याने रस घेऊन ऐकली. शेले नावाच्या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १७७५ मध्ये सोमलापासून एक झकास हिरवा बनवला. पुढच्या शतकात विलायतेत तो वॉलपेपरवर छापला गेला. भिंती दमट झाल्या की त्यातून विषारी वायू निघायचा आणि माणसं आपापल्या फुलापानांच्या खोल्यांत आजारी पडायची.

पुढच्या पायांवर नऊ इंचांवर एक काळपट रेघ होती. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, मिठीचं पाणी मरोळमध्ये घुसलं. अब्बांनी आणि शेजारच्या सावंतकाकांनी (नाव बदललं आहे) कपाट विटांवर चढवलं होतं, म्हणून रेघ नऊ इंचांवर थांबली, भिंतीवर ती कमरेएवढी होती. चाचा म्हणाले, लाकूड घासून रेघ जाईल. मी अम्मीला फोन केला. वाटलं, निदान एवढी ती ठेवायला सांगेल. "घासू दे," ती म्हणाली. "पाणी काय परत बघायचं?"

पाठीची जुनी प्लाय ओलीने फुगली होती, ती काढून नवी मरीन प्लाय बसवली. वॉलपेपर तिच्यावर. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. मुंबईत कागद चिकटवताना दोन शत्रू, ओल आणि कसर. आमच्या लहानपणी वह्यापुस्तकांना कव्हरं घालायची ती खळीने. उर्दूत तिला लेई म्हणतात. मैदा शिजवायचा आणि त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कीड लागत नाही. बुकबाइंडरांची ती युक्ती, पण मोरचूद विषारी, मुलं असलेल्या घरात नकोच. वॉलपेपरसाठी तयार पावडरचा गोंद मिळतो. प्लायला आधी ऑइल प्रायमरचा हात, तो पूर्ण वाळल्यावर गोंद. हल्ली जो न विणलेल्या धाग्यांचा वॉलपेपर येतो त्यात गोंद कागदाला नव्हे, फळीला लावायचा, त्यामुळे कागद ताणला जात नाही. एका रोलची रुंदी २१ इंच, आमची पाठ ४२ इंच, म्हणजे दोन पट्ट्या आणि जोड बरोबर मध्ये. वेल जोडावर जुळायला हवी, म्हणून दुसरी पट्टी वीतभर लांब कापायची आणि सरकवून जुळवायची. कपाट भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, इंचभर हवा खेळू द्यायची. बाहेरच्या भिंतीला तर मुळीच टेकवायचं नाही.

कागद अम्मीने निवडला. मोतिया जमीन, त्यावर निळी बेलबुटी. दुकानदार म्हणाला, "इंग्लिश डिझाइन है." मला हसू आलं. आपल्या छींटेवरून, म्हणजे मराठीतल्या चिटावरून, इंग्रजांनी 'चिंट्झ' शब्द घेतला आणि आपली बेलबुटी घेऊन कपडे, पडदे, भिंती सजवल्या. अठराव्या शतकात कंपनीच्या जहाजांतून चिनी हाताने रंगवलेले कागद लंडनला जायचे, त्यांना तिथे 'इंडिया पेपर' म्हणत. फिरून फिरून ती वेल ओशिवऱ्याला आली आणि इंग्लिश झाली.

लाकडाचा तंटा शेवटी चाचांनी सोडवला. देवदाराला रंग, सागवानाला पॉलिश. बाजू, खण, छप्पर आतूनबाहेरून मोतिया, पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलचे दोन हात. दारांच्या चौकटी, कलगी आणि दर्शनी भागाला लाखेचं पॉलिश. जुनं पॉलिश लाखेचंच आहे हे त्यांनी स्पिरिटचा बोळा लावून बघितलं, लगेच चिकट झालं. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलमध्ये कापूस बांधून हात फिरवत राहिले, तीन दिवस, सकाळी दहा ते बारा. त्या वेळेतच का, तर दमट हवेत लाखेवर पांढरी धूसर चढते. जूनमध्ये हे काम होतच नाही. अम्मीला फोटो पाठवला. तिला सगळंच मोतिया हवं होतं. बराच वेळ उत्तर आलं नाही, मग व्हॉइस मेसेज आला, "दारं काळीच ठेवलीत का? ठेवा. वाईट नाही दिसत. कलगीला रंग लावा पण." कलगी सागवानाची आहे हे मी कळवलं. उत्तर आलं, "असू दे." कलगी मोतिया झाली. आपा त्या दिवशी आलीच नाही.

कपाट दोन भागांत सुटतं, वरचा काचेचा आणि खालचा लाकडाचा, मध्ये चार लाकडी खुंट्या. म्हणूनच ते लिफ्टमध्ये मावलं. अकराव्या मजल्यावर ते उभं केलं तेव्हा आधी लक्षात आलं ते हे की ते लहान आहे. मरोळच्या खोलीत भिंत खाणारं कपाट इथे दोन खिडक्यांच्या मध्ये अंग चोरून उभं होतं. आत निळ्या वेलीसमोर निळ्या फुलांची ताटं जवळजवळ दिसेनाशी झाली होती. आपाने ते पहिल्यांदा ओळखलं आणि पहिल्यांदाच हसली. अम्मीने ताटं काढून खालच्या बंद खणात टाकली, रोजच्या वापरातल्या स्टीलच्या शेजारी, आणि वर फक्त सहा कप ठेवले. मेहमानांचं काय, मी विचारलं. "अकराव्या मजल्यावर कोण येतंय," ती म्हणाली. चाळीत दार उघडं असायचं, येणाऱ्याला दिसावं म्हणून शोकेस दारासमोर होतं. इथे दाराला तीन कड्या आहेत.

दुकानदाराने रोल अर्धा दिला नाही. ३३ फुटांतला चोवीस फूट कागद उरला आहे. अम्मीने तो गुंडाळून गादीखाली ठेवला आहे. नातीचं बालवाडीत नाव घातलंय, तिच्या पुस्तकांना कव्हरं घालायची आहेत. कागद जाड आहे, घडी नीट बसत नाही, असं मी सांगितलं. खळ घट्ट कर, असं ती म्हणाली.